तोफेची राखण कुठून करावी?

रणगाडाविरोधी तोफ रणगाड्याला भारी पडते, पण पायी आलेल्या चार माणसांपुढे ती हतबल होते. तिची नळी ठरलेल्या टप्प्यातच फिरते. जर्मनांच्या 7.5 सेंटिमीटर पाक 40 या तोफेचा हा टप्पा सगळा मिळून 65 अंशांचा होता. तिचा मुख्य गोळा पोलाद भेदण्यासाठी बनवलेला, आणि तिच्या ढालीमागे वाकलेल्या पाच-सहा जणांचे डोळे दूरच्या रणगाड्यावर खिळलेले. ओढ्याच्या पात्रातून, बांधाच्या आडोशाने किंवा उभ्या पिकातून सरपटत आलेला शिपाई त्यांना दिसतो, तेव्हा तो बहुधा हातबॉम्बच्या अंतरावर येऊन ठेपलेला असतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी या तोफांच्या राखणीला मशीनगनच्या तुकड्या दिल्या. त्या तुकड्या तोफेला लागून बसवायच्या की तोफेपासून दूर, बगलेला बसवायच्या, यावर युद्धशास्त्रात दोन मते आहेत आणि दोन्ही मतांमागे रक्ताने मिळालेला अनुभव आहे.

प्रश्न विसाव्या शतकातला असला तरी त्याचे मूळ जुने आहे. तोफ आली तेव्हापासून गोलंदाजाला कोणी सांभाळायचे हा पेच आहे, आणि मराठी माणसाला तो समजून घ्यायला झाशीइतकी योग्य जागा दुसरी नाही. पेशव्यांचे सरदार नारो शंकर यांनी वाढवलेला किल्ला, त्याच्या पायथ्याचे कोटबंद शहर, त्या कोटाचे दरवाजे. खंडेराव गेट हा त्यांतलाच एक. 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजांनी राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीला वेढा घातला तेव्हा या कोटावर तोफा होत्या, तोफांपाशी बंदूकवाले होते, आणि तरीही तोफा एकामागून एक गप्प झाल्या. त्या का गप्प झाल्या, याचे उत्तर जर्मन मशीनगनच्या जागेच्या वादालाही लागू पडते.

पुढे त्या दोन बाजू दोघांच्या तोंडी दिल्या आहेत. एक आहेत मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. दुसरे आहेत झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले इतिहासाचे प्राध्यापक. दोघे खंडेराव गेटपाशी उभे आहेत असे समजावे.

प्राध्यापक: सुभेदारसाहेब, माझे म्हणणे साधे आहे. राखणदार राखायच्या वस्तूजवळ असावा. इंग्रजांचा सेनापती ह्यू रोझ 21 मार्चला झाशीपुढे आला, 25 पासून त्याच्या तोफा सुरू झाल्या. शहराच्या दक्षिण तटावर एक टेकाड होते, त्यावर पाच तोफांचा गोल बुरूज, भोवती काही भागात दगडी बांधणीचा खंदक. तट तर केवढा जाड! पण बुरूज ढासळण्याआधी गोलंदाज पडले. राणीच्या तोफखान्याचे प्रमुख गुलाम गौस खान यांच्यासारखा माणूस पडला. गोलंदाजाच्या कुशीत त्याला सांभाळणारा नेमबाज असता, तर तोफ बोलत राहिली असती.

सुभेदार: सर, कुशीत नेमबाज होतेच की. तटाला जंग्या, बंदुकीची ही भोके, कशासाठी असतात? चर्यांच्या आड, फांजीवर बंदूकवाले दाटीने उभे होते. ते होते, आणि गोलंदाजाबरोबर मेले. रोझने काय केले ते आठवा. त्याने प्रत्येक मोर्च्यात वाळूच्या पोत्यांमागे रायफलवाले बसवले. शहराबाहेरच्या देवळांत आणि राणीसाहेबांच्या बागेत बसवले. त्यांना काम एकच दिले होते: तटाचा माथा आणि तोफांची तोंडे यांवर नजर ठेवायची, आणि माणूस हलला की गोळी घालायची.

यातले बारकावे पाहण्यासारखे आहेत. तोंडाने भरायची तोफ एकदा उडाली की गोलंदाजाला तिच्या तोंडाशी यावे लागे. ओला कुंचा नळीत फिरवून धुमसणारे अवशेष विझवायचे, दारूची थैली आत सारायची, मग गोळा, मग ठासणीने ठासायचे. हे सगळे तटाच्या खिडकीत, बाहेरच्या नजरेला सामोरे उभे राहून. दर गोळ्यामागे माणूस काही क्षण उघडा पडतो, आणि समोरच्याला तो कधी आणि कुठे उघडा पडणार हे आधीच ठाऊक असते. आटेदार नळीची रायफल या खिडकीवर ज्या अंतरावरून अचूक लागत होती, तिथवर तटावरच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम पोहोचत नव्हता. राखणदार शेजारी असूनही त्याची गोळी शत्रूपर्यंत पोहोचत नसेल, तर तो राखणदार नसून आणखी एक लक्ष्य असतो. तरी तटावरचे लोक हटले नाहीत. रोझच्या लोकांनी दुर्बिणीतून मोर्च्यांवर बायका दारूगोळा वाहताना आणि डागडुजी करताना पाहिल्या. त्या वेढ्यात शहरात अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी आपल्या 'माझा प्रवास'मध्ये गोलंदाजांच्या पडण्याचे आणि राणीने केलेल्या त्यांच्या कौतुकाचे जे वर्णन केले आहे, ते मराठीतले या युद्धाचे सर्वांत जवळून पाहिलेले चित्र आहे.

प्राध्यापक: मग तुमच्या मते बंदूकवाले कुठे हवे होते?

सुभेदार: देवळांत आणि बागेत. रोझ तिथे पोहोचण्याआधी. राणीसाहेबांनी शहराभोवतीचा मुलूख उजाड केला होता, वैरणकाडी शत्रूला मिळू नये म्हणून. तो विचार बरोबरच होता. पण देवळे आणि चिंचेची झाडे उभी राहिली. ज्या जागेवरून तुमचा गोलंदाज मारला जाणार, ती जागा एकतर मोडून टाकावी, नाहीतर आपण धरावी. तोफेची राखण तोफेपाशी होत नाही, सर. तोफेला मारायला येणारा जिथे थांबणार, तिथे ती होते.

प्राध्यापक: हे किल्ल्याचे झाले. रशियातल्या किंवा इटलीतल्या माळरानावर कोट नसतो, देऊळ नसते. तिथे जर्मन तोफेचे सहा जण खड्ड्यात बसलेले. सुरुवातीची 3.7 सेंटिमीटरची पाक 36 सव्वातीनशे किलोच्या आसपास होती. माणसे ती हाताने ओढत मागे नेऊ शकत. पाक 40 चे वजन 1,425 किलो. चारदोन गोळे उडाले की मागचे फाळ जमिनीत रुततात. ओढणारी गाडी आल्याशिवाय ती हलत नाही. म्हणजे पायदळ जवळ आले तर तोफ सोडून पळायचे किंवा तिथेच मरायचे. अशा माणसांना पन्नास पावलांवर आपली मशीनगन हवी, चारशे पावलांवर नको.

प्राध्यापकांच्या या म्हणण्यात वजन आहे. तोफ जितकी ताकदवान होत गेली तितकी ती जड झाली, आणि जितकी जड झाली तितकी पायदळापुढे दुबळी झाली. जाड पोलादाचे रणगाडे आले म्हणून मोठी तोफ लागली, आणि मोठी तोफ आली म्हणून तिच्या राखणीचा प्रश्न पहिल्यापेक्षा बिकट झाला.

सुभेदार: आधी हिशेब बघा. युद्धाच्या सुरुवातीला जर्मन पायदळ रेजिमेंटच्या चौदाव्या कंपनीत रणगाडाविरोधी तोफा 12, आणि कंपनीच्या स्वतःच्या हलक्या मशीनगन 4. तीन तोफांमागे एक. आता ती एक मशीनगन कोणत्या तोफेशेजारी ठेवणार? पहिलीपाशी ठेवली तर दुसरी-तिसरी उघडी. म्हणून ती अशी ठेवावी लागते की तिच्या माऱ्यात तिन्ही तोफांच्या पुढची जमीन येईल. तशी जागा कोणत्याही एका तोफेला चिकटून सापडत नाही.

प्राध्यापक: हा नाइलाज झाला, तत्त्व नव्हे. जास्त मशीनगन असत्या तर?

सुभेदार: दहा दिल्या तरी मी शेजारी ठेवणार नाही. रणगाडाविरोधी तोफेचा पहिला गोळा सुटला की नळीपुढची धूळ उडते, पाला उडतो, झगमगाट होतो. त्याआधी ती अदृश्य असते, त्यानंतर सगळ्यांना दिसते. पुढच्या दोन-तीन मिनिटांत तिच्यावर उखळी मारा सुरू होणार. मशीनगन वीस पावलांवर असेल तर तोच बॉम्ब तिलाही खाणार. म्हणजे पायदळ पुढे सरकेल त्या घटकेला तोफही नाही आणि राखणदारही नाही. शिवाय तोफेच्या धुळीत मशीनगनवाल्याला पुढचे काही दिसत नाही.

दुसरे कारण मशीनगनच्या माऱ्याच्या आकारात आहे. एका जागी रोखलेल्या मशीनगनच्या गोळ्या जिथे पडतात तो पट्टा लांबट आणि अरुंद असतो: पुढेमागे बराच लांब, डावीउजवीकडे थोडाच. समोरून चालून येणाऱ्या माणसांची ओळ आडवी असते. तोफेशेजारून, म्हणजे समोरून, गोळ्या झाडल्या तर तो लांबट पट्टा ओळीला काटकोनात छेदतो आणि त्यात दोन-तीन माणसे सापडतात. बाकीचा मारा त्यांच्या पुढच्या-मागच्या मोकळ्या जमिनीत जातो. तीच मशीनगन बगलेला असेल तर पट्टा ओळीच्या लांबीवरून पसरतो आणि सगळी ओळ एकदम सापडते. जुन्या किल्ल्यांचे बुरूज तटाच्या बाहेर येतात ते याच कारणाने. तटावरून सरळ खाली बघणाऱ्याला तटाच्या पायथ्याशी शिडी लावणारा दिसत नाही. शेजारच्या बुरुजावरून तो पूर्ण दिसतो. झाशीच्या कोटाची रचना हे जाणूनच केलेली आहे, आणि 3 एप्रिलच्या हल्ल्यात तिने काम केले. उजव्या बाजूने शिड्या घेऊन आलेल्या तुकडीवर तटावरून असा भडिमार झाला की शिड्या अपुऱ्या पडल्या, काही मोडल्या, आणि पहिले चढलेले लेफ्टनंट डिक आणि मीकलजॉन मारले गेले. हा हल्ला जवळजवळ फसला होता. तो यशस्वी झाला तो डावीकडच्या खिंडारातून आत शिरलेल्या रोझच्या 86व्या पलटणीच्या काही लोकांनी आतून, बगलेने आणि मागून, तट लढवणाऱ्यांवर झडप घातल्यावर. बगलेच्या माऱ्याने तट टिकला आणि बगलेच्या माऱ्यानेच तो पडला.

प्राध्यापक: बगलेचे महत्त्व मी नाकारत नाही. पण बगलेला ठेवलेली तुकडी एकटी पडते. धुके आले, शत्रूने धूर सोडला, रात्र झाली, म्हणजे तिला तोफ दिसत नाही आणि तोफेला ती दिसत नाही. चारशे पावलांवरच्या त्या तिघा-चौघांना कोणी गाठले तर गोलंदाजांना कळणारही नाही. त्यांना वाटत राहणार की आपली बाजू सांभाळलेली आहे. हा गैरसमज राखण नसण्यापेक्षा वाईट.

सुभेदार: म्हणून मशीनगन एकटी बसवायची नाही, जोडीने बसवायची. जर्मनांच्या जड मशीनगन दोनदोनच्या विभागात काम करत. डावी उजवीच्या पुढची जमीन झाकते, उजवी डावीच्या. दोघींचा मारा तोफेच्या पुढे एकमेकांना छेदतो. एकीची नळी बदलायची वेळ आली तर दुसरी बोलते.

नळी बदलण्याचे हे काम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण राखणीतले छिद्र तिथेच पडते. एमजी 34 मिनिटाला आठ-नऊशे गोळ्या झाडू शके, एमजी 42 सुमारे बाराशे. या वेगाने नळी काही मिनिटांत इतकी तापते की ती बदलल्याशिवाय गत्यंतर नसते. एमजी 42 मध्ये उजव्या बाजूची झडप उघडली की तापलेली नळी बाहेर येते. दुसरा गडी हातात जाड कापड किंवा हातमोजा घालून ती ओढतो, थंड नळी सारतो, झडप बंद करतो. सरावलेल्या जोडीला काही सेकंद पुरतात. पण ते सेकंद समोरच्याला ऐकू येतात. कापड टरकावल्यासारखा सलग आवाज थांबला की आडवा पडलेला शिपाई उठतो आणि दहा पावले पळतो. जोडीतली दुसरी मशीनगन नेमकी त्या क्षणी सुरू झाली नाही, तर दर वेळी दहा पावले कमी होत शेवटी हातबॉम्बचे अंतर उरते.

रात्र आणि धुके या प्राध्यापकांच्या हरकतीला जर्मनांनी दिलेले उत्तर तिपाईत होते. हीच मशीनगन दोन पायांवर ठेवली की हलकी, तिपाईवर चढवली की जड. तिपाईवर दिशा आणि उंची पक्की करून ठेवता येई. दिवसा ओढ्याचे तोंड, पायवाट, तारेच्या कुंपणाची कड यांवर मारा बांधून ठेवायचा. रात्री चाहूल लागली की न बघता तोच मारा सुरू करायचा. काटेरी तार तोफेपासून हातबॉम्ब फेकण्याच्या अंतरापलीकडे असावी, आणि तारेवर मशीनगनचा बांधलेला मारा असावा. तार आहे पण तिच्यावर मारा नाही, तर ती कापायला दोन माणसे पुरतात.

प्राध्यापक: मारा सुरू कधी करायचा? शत्रूचे रणगाडे आणि पायदळ एकत्र येतात. मशीनगन आधी बोलली तर रणगाडे तिलाच चिरडतील.

सुभेदार: हाच सगळ्यांत अवघड भाग, सर. जर्मनांचा डाव रणगाडा आणि पायदळ यांची ताटातूट करण्याचा होता. मशीनगनने माणसे जमिनीला लोळवायची. रणगाडे पुढे निघून येतात, त्यांच्याबरोबर तोफेची जागा शोधणारे डोळे नसतात. मग तोफ बोलते. म्हणून दोघांचा क्रम आधी ठरलेला असला पाहिजे. आणि तोफेने माणसांवर गोळा वाया घालवायचा नाही.

प्राध्यापक: इथे मी तुम्हाला अडवतो. पाक 38 आणि पाक 40 ला स्फोटक गोळेही दिलेले होते. माणसांवर मारा करण्यासाठीच ते होते ना?

सुभेदार: होते, आणि शेवटच्या घटकेला वापरायचे. शंभर पावलांवर माणसे आली आणि मशीनगन गप्प झाली, तर वापरायचे. पण पहाटे दोन टेहळे दिसले म्हणून स्फोटक गोळा टाकला, तर तोफेची जागा गेली. त्या दोन टेहळ्यांना मशीनगननेच झेलायचे. राखणदाराचा हा अर्धा उपयोग आहे: तोफेला गप्प राहता यावे.

रणगाडे पायदळाशिवाय पुढे आले तर काय होते, याचे उदाहरण 2 नोव्हेंबर 1942 चे, आफ्रिकेतल्या अल अलामीनजवळच्या तेल अल अक्काकीरचे. ब्रिटिशांची 9वी आर्मर्ड ब्रिगेड रात्रीच्या अंधारात जर्मन-इटालियन तोफांच्या रांगेवर जाणार होती. उशीर झाला, पूर्वेकडे उजाडले आणि रणगाडे उजेडावर ठळक दिसू लागले. काही तोफा रणगाड्यांनी चिरडल्या, पण ब्रिगेडचे बहुतांश रणगाडे त्या सकाळी जळाले. तोफांजवळ पोहोचून गोलंदाजांना हुसकावणारे पायदळ सोबत पुरेसे असते, तर हिशेब वेगळा झाला असता. पुढे रशियात जर्मनांनी एका अधिकाऱ्याच्या हाताखाली अनेक तोफा एकाच दिशेने रोखण्याची, ज्याला ते 'पाकफ्रंट' म्हणत, ती पद्धत वापरली. तीत सर्व तोफा एकाच हुकमावर एकदम उडत.

प्राध्यापक: हुकमाचा विषय तुम्हीच काढलात, तर माझा खरा मुद्दा ऐका. बगलेची मशीनगन बहुधा पायदळ बटालियनची असते. तोफ दुसऱ्याच कंपनीची. पायदळाला मागे हटायचा हुकूम आला तर ती मशीनगन निघून जाते, आणि जड तोफ तिथेच रुतून राहते. असईला काय झाले? 23 सप्टेंबर 1803. शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे तोफांची रांग होती. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या लोकांनी संगिनींनी गोलंदाजांना तोफांवरच कापले. पायदळ मागे सरले. पण गोलंदाज? काही जण मेल्यासारखे तोफांखाली पडून राहिले, इंग्रज पुढे निघून गेल्यावर उठले, आणि तोफा फिरवून त्यांच्या पाठीवर गोळे टाकू लागले. वेलस्लीला उलटे फिरून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. हे शौर्य वाया गेले, साहेब, कारण त्या क्षणी त्यांच्याजवळ त्यांचा स्वतःचा असा एकही बंदूकवाला नव्हता. पायदळ त्यांना सोडून गेले होते.

असईची ही लढाई आजच्या जालना जिल्ह्यातली. शिंद्यांच्या गोलंदाजांइतके निष्ठावान लोक त्या काळात कोणत्याही सैन्यात क्वचित सापडतील. त्यांचा पराभव त्यांच्या हातून झाला नाही. तोफा पुढे आणि पायदळ मागे अशी मांडणी असल्याने, शत्रू तोफांमध्ये शिरल्यावर पायदळाला आपल्याच गोलंदाजांवरून गोळी घालावी लागणार होती. मांडणीने राखणदाराचे हात बांधले, आणि दोघांची दैवे वेगळी झाली तेव्हा तोफ एकाकी उरली. बेतवेच्या काठी 1 एप्रिल 1858 रोजी असेच घडले. झाशी सोडवायला वीस हजारांवर माणसे आणि तोफा घेऊन आलेल्या तात्या टोप्यांच्या पहिल्या फळीवर रोझने सुमारे पंधराशे माणसांनिशी समोरून तोफा आणि दोन्ही बगलांवर घोडदळ घातले. बगला फुटल्या, फळी मागे गेली, तोफा मागे राहिल्या आणि रोझच्या हाती पडल्या. दुसरी फळी बरीच मागे होती. ती वेळेवर पोहोचली नाही.

सुभेदार: हे मला मान्य आहे. असई आणि बेतवा, दोन्हीकडे तोफ आणि तिचा राखणदार यांची वाट वेगळी झाली. म्हणून कंपनीच्या त्या चार हलक्या मशीनगन तोफांच्या अधिकाऱ्याच्याच हुकमात असतात. त्याच्या परवानगीशिवाय त्या हलत नाहीत. त्यांतली एक मी तोफेच्या मागच्या बाजूला, आंधळ्या दिशेला ठेवीन. तुमच्या म्हणण्याइतकी जवळ नाही, पण हाक ऐकू येईल इतकी. बटालियनच्या जड मशीनगन बगलेला. आणि तोफेचे जे सहा जण आहेत त्यांना तोफेच्या दोन्ही बाजूंना अरुंद चर खणून द्यायचे, त्यात रायफली आणि हातबॉम्ब. शेवटची तीस पावले त्यांनी स्वतः सांभाळायची.

प्राध्यापक: म्हणजे जवळचा राखणदार लागतोच.

सुभेदार: लागतो. पण तो मशीनगनवाला नसतो. मशीनगन तीस पावलांवर वाया जाते.

प्राध्यापकांचा मुद्दा हुकमाबद्दल खरा ठरला, सुभेदारांचा जागेबद्दल. दोघांचा वाद प्रत्यक्षात दोन वेगळ्या प्रश्नांचा होता: गोळी कुठून सुटावी हा एक, आणि ती सोडणाऱ्याला कोणी हुकूम द्यावा हा दुसरा. राखणदार हुकमाने जवळचा आणि जागेने दूरचा असावा, हेच झाशी, असई आणि आफ्रिकेचे वाळवंट या तिन्ही ठिकाणचा पुरावा सांगतो. जागा निवडताना मशीनगनवाल्याने तोफ जिथे बघते तिथे बघू नये, तोफेला जे दिसत नाही ते बघावे, हीही त्याचीच पुढची पायरी. तोफेपुढे सपाट मैदान आणि डावीकडे ओढा असेल, तर मशीनगन ओढ्याच्या पात्राच्या रेषेत हवी. पर्यायी जागाही आधीच खणलेली हवी, कारण एका जागेवरून गोळ्यांचे दोन-तीन पट्टे संपवले की तीही तोफेइतकीच उघडी होते.

या साऱ्या मांडणीकडे दुसऱ्या टोकाहून, म्हणजे तिच्यावर चालून जाणाऱ्याच्या बाजूने, मराठी शिपायांनी पाहिले ते इटलीत. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात 5व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. नाईक सोडून बाकी सारे पडले. रायगडातल्या माणगाव तालुक्यातला हा तरुण एकटाच त्या मोर्च्यावर धावला. हातबॉम्बने त्याने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, एकाला टॉमीगनने गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना टॉमीगनच्या दस्त्याने मारले. तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तो पडला.

प्राध्यापक: एका माणसाने मोर्चा घेतला. मग बगलेच्या तुमच्या मशीनगनचे काय राहिले?

सुभेदार: मोर्चा घेतला, पण घेणारा जिवंत परत आला नाही. मशीनगनवर नजर ठेवणारे नेमबाज दुसरीकडे, वेगळे बसलेले होते. राखणदाराचीही राखण केलेली होती. त्या जर्मनांची मांडणी चांगली होती, सर. आमच्या नाईकाने ती मोडली ती मांडणीतल्या चुकीमुळे नव्हे, स्वतःच्या छातीमुळे.

9 एप्रिल 1945 रोजी इटलीतच सेनियो नदीवर याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी तीन मोर्चे घेतले. नदीचे दोन्ही पूरबांध उंच आणि जर्मनांनी ते पोखरून आत मशीनगन बसवलेल्या. कंपनी गळ्याएवढ्या पाण्यातून जात असताना मारा झाला आणि कंपनी मुख्यालयाच्या सोबत असलेले बहुतेक जण मेले किंवा जखमी झाले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा हा निरोप्या शिपाई जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेऊन आला. मग पहिल्या मोर्च्यावर गेला. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्याने हातबॉम्ब घेतले. ते संपल्यावर बांधावर सरपटत जाऊन आणखी आणले आणि उरलेले दोन मोर्चेही गप्प केले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्याने मराठ्यांची गर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हाताने बोलावले. त्यांनी नदी ओलांडली आणि तो काठ भारतीय सैन्याच्या हाती आला. घाडगे आणि जाधव, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांना तो मरणोत्तर देण्यात आला.